घरच्यांना एक पायरी वर

बाजारात मला भोंगा म्हणायचे. अजूनही म्हणतात. एकदा पडलेलं नाव कोण परत उचलतंय? भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचं माझं काम. गाड्या लागल्या की टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या, त्यापुढे फ्लॉवरचे ढीग, त्यापुढे मिरचीची पोती, आणि मी एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत पुकारा करणार, मागे खरेदीदारांचा घोळका. ट्रक मागे घेणाऱ्यांची बोंबाबोंब, हमालांचं ‘बाजू, बाजू’, हातगाड्यांचा खडखडाट, आणि त्या सगळ्याच्या वर मी. मागच्या रांगेत एखादा मान खाली घालून नुसती भुवई उडवतो, ती टिपायची आणि भाव चढवायचा. आपण श्वास कुठे घेतो ते कुणाला कळता कामा नये. पुकारणारा थांबला की घेणारा विचार करायला लागतो, आणि तो विचार करायला लागला की भाव बसलाच म्हणून समजा.

हे काम आधी बाबा करायचे. ते गेल्यावर मालकाने दोघातिघा बाप्यांना उभं करून पाहिलं, पण एकाचाही आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचेना. मग मी म्हटलं, मी बघते. सगळे खो खो हसले. मी पहिलाच ढीग पुकारला तेव्हा पलीकडच्या शेडमधला चहावाला काय झालं म्हणून बघायला बाहेर आला होता. भोंगा हे नाव त्यानेच ठेवलं.

आम्ही दोघं भावंडं. दादा शिकला आणि मी ओरडले, असं मीच सगळ्यांना गमतीने सांगायचे. दादा सोनोग्राफीचा डॉक्टर. शहरातले मोठमोठे डॉक्टर आपल्या बायकांना त्याच्याकडे पाठवतात, एवढा त्याचा हात आणि डोळा चांगला. लग्न मी केलं नाही, आई माझ्याजवळ असते. दादा आणि वहिनी दोन गल्ल्या सोडून राहतात. वहिनी शाळेत शिकवते. भांडण नाही, तंटा नाही. दादाचा माझ्यावर जीव आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. त्याच्या जिवाचं मी काय करू, एवढाच प्रश्न आहे.

गाठ पहिल्यांदा दिसली ती एका कोबीवाल्याला. मी पुकारताना गळ्याच्या शिरा तट्ट फुगतात. तो समोर उभा होता, म्हणाला, "ताई, घशात लिंबू अडकलंय का?" मी त्याला तिथल्या तिथे झापला आणि त्याचा कोबी दुसऱ्याला दिला. घरी आरशासमोर घोट गिळून पाहिला, तर खरंच गळ्याच्या एका बाजूला काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं.

दादाने मला त्याच दिवशी सेंटरवर बोलावलं. त्याची ती खोली मला कधीच आवडली नाही. अंधार, गारठा, मशीनच्या पंख्याची सतत घरघर, आणि टेबलावर तो कागद अंथरलेला, हललं की चुरचुरतो. त्याने माझ्या मानेखाली उशी सरकवली, गळ्यावर ते थंडगार जेल ओतलं आणि मशीनची मूठ फिरवायला लागला. एरवी दादा पेशंटशी सारखा बोलतो. मला तर तो मुद्दाम बाजारातल्या शिव्या विचारतो. त्या दिवशी मात्र चिडीचूप. पुन्हा पुन्हा त्याच जागेवर मूठ आणायची, पडद्यावर बोट टेकवायचं, एक बटण फिरवायचं, परत बघायचं.

"दादा, बोल की काहीतरी. मेले का मी?"

"गप पड. हलू नकोस."

मग त्याने मला पडदा दाखवला. द्राक्षाएवढी गाठ, करड्या गोळ्यात एक करडा गोळा. म्हणाला, थायरॉइडमधल्या गाठी बायकांमध्ये पोत्याने सापडतात, बहुतेक निरुपद्रवी. कुठली संशयाची हे ठरवायला डॉक्टरांनी पाच पायऱ्या केल्यात. गाठ भरीव की पाण्याची, आडवी की उभी, कड गुळगुळीत की खरबरीत, आत पांढरे ठिपके आहेत का, आणि रंग किती काळा. प्रत्येकाचे गुण, आणि गुणांवरून पायरी. पहिल्या दुसऱ्या पायरीकडे बघायचंही नाही. पाचवी वाईट.

"माझी कुठली?"

"भरीव आहे, पण आडवी आहे, ते चांगलं. कड गुळगुळीत आहे. ठिपके नाहीत." त्याने पुन्हा बटण फिरवलं. "रंग जरा काळसर वाटतोय."

"म्हणजे कुठली पायरी?"

"चौथी."

"तिसरी असती तर?"

"तिसरी असती तर एवढ्या आकाराला सुईसुद्धा लावली नसती. वर्षाने बघू म्हटलं असतं. पण आता सुई."

मला तो गोळा बाकीच्या गळ्यासारखाच करडा दिसत होता. पण मला कोण विचारतंय? मी टोमॅटो बघून सांगू शकते कुठला संध्याकाळपर्यंत मऊ पडणार. गळ्याच्या आतला रंग माझ्या आवाक्यातला नाही.

सुईचं काही नाही, टोचली आणि झालं. पेशी काचेवर पसरून त्या दादाच्याच ओळखीच्या एका डॉक्टरकडे गेल्या. दादा त्यांना स्लाइडवाले म्हणतो. त्यांचे आणखी वेगळे खाने. आमच्या गाठीचा खाना निघाला तोही चौथाच. ना इकडचा ना तिकडचा. कॅन्सर म्हणवत नाही आणि नाही असंही म्हणवत नाही. ह्या जातीच्या गाठीत म्हणे पेशी दोन्हीकडे सारख्याच दिसतात. वाईट गाठ असेल तर तिच्या पेशी भोवतालचं आवरण फोडून बाहेर पडलेल्या असतात, आणि ते बघायचं तर अख्खी गाठच हातात यायला हवी.

"म्हणजे काढायची गरज होती का हे कळायला आधी काढायची," मी म्हटलं.

"अगदी तसं नाही," दादा म्हणाला. पण अगदी तसंच होतं.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने जेवण सोडलं, देव्हाऱ्यासमोर बसून राहिली, आणि येईल त्याला ‘माझ्या पोरीला’ एवढंच म्हणून डोळ्याला पदर लावायची. मी तिला म्हणायचे, अगं, मी अजून आहे, इथेच आहे, चहा कर. 

सर्जनकडे आम्ही सगळी गेलो. दादा, वहिनी, आई आणि मधे मी, लग्नाच्या मुलीसारखी मान खाली घालून. सर्जन माणूस सरळ होता. त्याने कागद पाहिले आणि सांगितलं, सोनोग्राफी चौथी, सुई चौथी, दोन्ही जुळतंय, तेव्हा शंभरातल्या पंचवीस जणींना कॅन्सर निघतो. एक पर्याय थांबून पुन्हा तपासायचाही आहे. काढायची तर अर्धी थायरॉइड काढावी लागेल. आवाजाची नस गाठीला चिकटूनच जाते. शंभरात एखाद-दुसरीची दुखावते, त्यातल्याही बऱ्याच जणींची परत येते.

"माझं कामच आवाजाचं आहे," मी म्हटलं. "मी लिलाव पुकारते."

तो दादाकडे बघून हसला. "आम्ही काळजी घेऊच."

घरी आल्यावर मी म्हटलं, आपण थांबू या. सहा महिन्यांनी परत बघू. वाढली तर काढू. मला कॅन्सरपेक्षा दसपट भीती गळ्यात चाकू जाण्याची होती, आणि त्याहून जास्त, तो चाकू कुठे जाईल त्याची. वहिनी जवळ येऊन बसली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आवाजाचं काय एवढं घेऊन बसलात हो ताई? जीव राहिला तर सगळं. आवाजाशिवाय माणसं जगतच नाहीत का?"

दादा खिडकीपाशी उभा होता. तो वळून म्हणाला, "हिशोब तुला मी काय शिकवणार. एकीकडे पंचवीस, दुसरीकडे एक. तूच सांग, तू कशाला घाबरशील?"

त्याने मला बरोबर माझ्याच भाषेत पकडलं. हिशोब मला येतो. पंचवीस आणि एक समोर ठेवले तर कुठलाही शहाणा माणूस पंचवीसलाच घाबरेल. मी रात्रभर दुसरं उत्तर काढायचा प्रयत्न केला आणि निघालं नाही. सकाळी मी हो म्हटलं. मला कुणी ओढून नेलं नाही, हे सांगायला हवं. मी आकड्याला मान दिला.

शुद्धीवर आले तेव्हा मी पाणी मागितलं आणि माझ्या तोंडातून नुसती हवा आली. नर्स म्हणाली, सूज असते, उतरेल. आठवड्याने सर्जन म्हणाला, उतरेल. महिन्याने त्याने घशात दुर्बीण घालून बघितलं आणि आवाजाचा एका बाजूचा पडदा हलत नाही म्हणाला. नस कापली नव्हती, फक्त ताणली गेली होती. वर्षभर वाट बघू या. काही जणींची परत येते.

आणि गाठीचा निकाल? गाठ साधी. आवरण धडधाकट, एक पेशी बाहेर नाही. कॅन्सरचा मागमूस नाही.

निकाल आला त्या दिवशी आमच्या घरात जो आनंद झाला, तसा माझ्या जन्माच्या वेळीही झाला नसेल. आईने शेजाऱ्यांना पेढे वाटले. वहिनीने मला मिठी मारली आणि रडली. दादा सोफ्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी भिंतीला टेकून बसले होते. मला वाटत होतं, की अरे, माझ्या गळ्यातून एक चांगली गाठ काढली आणि त्याबरोबर माझं सगळं काढलं, हे कुणी तरी म्हणा. पण घशातून तेवढं वाक्य पुरं होईपर्यंत दम लागायचा, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष पेढ्यांवर.

त्यानंतर मला एक नवी गोष्ट कळली. ज्याला कॅन्सर नाही निघाला, त्याला दुःख करायची परवानगी नसते. तोंड जरा पाडलं की आई म्हणायची, "अगं, काय होऊ शकलं असतं त्याचा विचार कर." शेजारीण म्हणायची, "सुटलात हो तुम्ही." कशातून सुटले? जे नव्हतंच त्यातून. मी कृतघ्न ठरू नये म्हणून हसायला शिकले. हसायला आवाज लागत नाही.

बाजारात मालकाने खरंच प्रयत्न केले, त्याला मी दोष देणार नाही. आधी माझ्या कॉलरला माइक लावला. माइकमधून सगळ्या शेडला माझा श्वास ऐकू यायला लागला, फुस्स, फुस्स. दोन भाव पुकारले की खोकला. मी थांबले की घेणारे विचार करणार, आणि मी प्रत्येक भावाला थांबत होते. एक जण मागून म्हणाला, "भोंग्याची बॅटरी उतरली." हसले लोक. मीही त्यांच्यात उभी असते तर हसले असते. पुढच्या आठवड्यात मालकाने मला तोलाईच्या काट्यावर बसवलं आणि पुकाऱ्याला एक माजी हमाल उभा केला. तो नाकात बोलतो आणि भुवया त्याला दिसत नाहीत. काट्यावर दिवसभर क्रेट चढतात, उतरतात. मी तिथे बसून शेडच्या त्या टोकाकडून त्याचं गेंगाणं पुकारणं ऐकते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. चुकीच्या भावाला ढीग सोडतो गाढव.

फोन मला घेता येत नाही. समोरचा ‘हॅलो, हॅलो’ करत ठेवून देतो. दुकानात मी काही मागितलं की दुकानदार आईकडे बघतो आणि आई सांगते. मी पुढचं बोलायच्या आत आईचं सांगून झालेलं असतं, आणि तिने दिलेलं उत्तर नेहमी माझ्यापेक्षा गोड असतं. 

दादा मात्र बदलला. दर गुरुवारी दवाखाना बंद करून मला आवाजाच्या व्यायामाच्या बाईंकडे घेऊन जायचा. बाहेर गाडीत बसून राहायचा. मी ‘ऊ’ आणि ‘ई’ करून परत आले की विचारायचा, "आज कसं?" मी हात हलवायचे. तो गाडी सुरू करायचा. मला त्याची दया यायची, खोटं कशाला सांगू. मला वाटायचं, बिचाऱ्याने जे दिसलं ते सांगितलं, नशीब माझं.

मग एके दिवशी दादाकडे त्याचे डॉक्टर मित्र जेवायला होते. वहिनीला मदत म्हणून मी गेले होते. स्लाइडवालेही आले होते. पेशी बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, गोलमटोल, हसरा, लहान मुलासारखे गाल. मी पाण्याचे ग्लास घेऊन बाहेरच्या खोलीत निघाले होते. बोलणं गाठींवरच चाललं होतं. डॉक्टर लोक जेवायला बसले तरी बोलतात ते गाठींवरच. कुणीतरी विचारलं, घरच्या माणसाची तपासणी करावी का?

"करावी," दादा म्हणाला, "पण एक पायरी वर धरावी. माझा नियम आहे. बहिणीचंच बघा ना. परकी बाई असती तर मी डोळे मिटून तिसरी लिहिलं असतं. रंग करडाच होता तसा. पण म्हटलं, सख्खी बहीण आहे. उद्या काही निघालं तर आईला काय तोंड दाखवू? काळसर धरला. चौथी लिहिली."

"अहो, काय सांगता!" स्लाइडवाले मांडीवर थाप मारून म्हणाले. "मलाही ती तिसऱ्या खान्यातलीच वाटली होती. पुन्हा एकदा सुई घालून बघा, असंच लिहिणार होतो. पण कागदावर तुमची चौथी पायरी, शिवाय नात्यात तुमची बहीण. म्हटलं, डॉक्टरांना काळसर दिसतंय म्हणजे आपल्यालाच कमी दिसत असणार. मी पण वर ढकलली!"

"म्हणजे दोघांनीही?" तिसरा कोणीतरी म्हणाला, आणि सगळे हसले. वाईट नव्हतं ते हसणं. दोन पाहुण्यांनी एकाच घरी एकच भेटवस्तू आणली की हसतात ना, तसं. "चला, सावधपणा अंगाशी नाही आला," कोणी म्हणालं. "शेवटी साधीच निघाली ना!"

मग त्यांना मी दिसले. मी ट्रे खाली ठेवला. एक ग्लास हिंदकळला, एवढंच. स्लाइडवाल्यांनी मान खाली घालून टेबलावरचं पाणी रुमालाने पुसलं.

आमच्या बाजारात ह्याला खोटी बोली म्हणतात. माल विकणारा आपलाच माणूस गर्दीत उभा करतो, त्याला घ्यायचं काही नसतं, तो नुसता भाव चढवतो. कधी कधी असे दोन उभे राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. हा त्याला खरा घेणारा समजून चढवतो, तो ह्याला समजून चढवतो, आणि शेवटी ढीग पडतो भलत्याच्याच गळ्यात. पुकारणारी म्हणून मी असे कितीतरी हुडकून घोळक्याबाहेर काढलेत. खोटी बोली ओळखूनही जो ती पुकारतो, त्याला बाजार दारात उभं करत नाही. आणि माझ्या स्वतःच्या गळ्याचा लिलाव झाला तेव्हा मी पंचवीस हा आकडा खरा धरून मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर मी दादाला स्वयंपाकघरात गाठलं. नळ चालू होता, तो आधी बंद केला. नाहीतर माझं काही ऐकू आलं नसतं.

"खरा आकडा किती होता?"

त्याने विचारलं नाही कशाचा. "नक्की असा सांगता येत नाही."

"किती, दादा?"

"पाच. फार तर दहा. आणि तेही आत्ता नाही, थांबून बघण्यासारखं."

"तू मला पंचवीस सांगितलेस."

"मी सांगितले नाहीत, सर्जनने सांगितले. त्याने कागदावर होतं ते…" त्यालाही स्वतःचं वाक्य ऐकवलं नाही. "अगं, मी घाबरलो होतो. तुला समजत नाही का? परक्या बाईच्या गाठीत चूक झाली तर वाईट वाटतं. तुझ्या गाठीत चूक झाली असती तर मी जगलो नसतो."

"मग ही चूक नाही झाली?"

"समज कॅन्सर निघाला असता," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, चांगला खणखणीत आवाज आहे दादाचा, बाबांसारखा. "मग हीच पायरी वर धरली म्हणून तू माझ्या पाया पडली असतीस. सगळ्या गावाला सांगितलं असतंस, माझ्या भावाने वाचवलं!"

आणि ते खरं होतं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी काहीतरी म्हणाले, त्याला कळलं नाही, त्याने ‘काय?’ म्हणून कान पुढे केला, आणि त्या पुढे केलेल्या कानाकडे बघून माझी बोलायची इच्छाच गेली. मी चपला घालून घरी आले. आईने विचारलं, जेवण कसं झालं? मी हाताने ‘छान’ केलं.

गुरुवारचं गाडीतून जाणं मी बंद केलं. तसंही वर्ष उलटलं होतं आणि नस परत आली नव्हती. व्यायामाच्या बाईंनीच सांगितलं, आता आहे ते आहे. 

मग वहिनीला गाठ निघाली.

ती स्वतःच मला बोलवायला आली. काट्यावर, भर बाजारात, शाळेच्या साडीत, ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत. "ताई, तुम्ही या माझ्याबरोबर," म्हणाली. "ह्यांनी आज बघायचं म्हटलंय. मला एकटीला भीती वाटते. तुम्ही ह्यातून गेलायत." मग माझ्या गळ्याच्या व्रणाकडे बघून पटकन नजर खाली घातली. "मला वर्गात दिवसभर बोलावं लागतं हो. सुई, ऑपरेशन असलं काही निघालं तर…"

मी उठले. तिच्यावर सूड घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. ती भ्याली होती, आणि भ्यालेल्या माणसाचा हात धरायला काही आवाज लागत नाही.

तीच खोली, तोच गारठा. वहिनी टेबलावर आडवी झाली, माझा हात घट्ट धरून. मी तिच्या डोक्याशी स्टूलवर बसले. दादाने जेल ओतलं आणि मूठ फिरवायला लागला. त्याच्या कपाळावर घाम होता. मी वहिनीकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. करड्या गोळ्यात एक करडा गोळा. भरीव. आडवी. गुळगुळीत कड. ठिपके नाहीत. आकारही जवळपास तोच. मला गळ्यातलं काही कळत नाही, पण ते चित्र मी डोळे मिटून काढू शकेन.

दादाने पडद्यावर बोट टेकवलं. बटण फिरवलं. परत बघितलं. वहिनीची नखं माझ्या हातात रुतली.

"करडी," दादा म्हणाला. "तिसरी पायरी. काही करायचं नाही. वर्षाने बघू."

वहिनीने डोळे मिटले आणि तिच्या कानशिलावरून पाणी ओघळलं. दादाने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "तुझ्यामुळे शिकलो मी," तो हळूच म्हणाला. "आता घरचं असो की परकं, दिसतं तेच लिहायचं. घाबरून वर ढकलायचं नाही. तुझ्या बाबतीत जे झालं ते फुकट नाही गेलं, बघ."

त्याला ते मनापासून वाटत होतं. तो मला काहीतरी देत होता. मी जे गमावलं, त्याचा उपयोग झाला, असं सांगून तो माझं सांत्वन करत होता, आणि समोर त्याची बायको अख्खा गळा घेऊन पडली होती.

मी म्हणाले, "ती तुझी बायको आहे म्हणून तुला करडी दिसली, आणि मी बहीण म्हणून काळी."

मशीनचा पंखा घरघरत होता. दादाने भुवया उंचावल्या. "काय म्हणालीस? जरा मोठ्याने बोल ना."

माझं तोंड वहिनीच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. तिला शब्द न् शब्द ऐकू गेला होता. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, तिथे अजून तो गोळा थिजलेला होता आणि पायरी अजून कागदावर लिहिली गेली नव्हती.

"काही नाही हो," वहिनी म्हणाली. "बरं झालं म्हणतायत ताई."

दादा हसला. त्याचे खांदे खाली आले. "मला माहीत होतं," तो म्हणाला, "तुझं मन मोठं आहे."

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले, होता नव्हता तेवढा जोर लावून. दुसऱ्या शब्दालाच खोकला आला आणि थांबेना. दादाने तिसरी पायरी लिहून सही केली. वहिनी उठून बसली, गळ्यावरचं जेल पुसलं, आणि मला पाणी आणून दिलं.